अंगण वाकडंच आहे

आमच्या अंगणात ४७ कुंड्या आहेत. त्यांतल्या ३१ कुंड्यांत झाडं आहेत, नऊ कुंड्यांत झाडं होती, आणि उरलेल्या सात कुंड्यांत जे काही आहे त्याबद्दल घरात एकमत नाही. मी त्याला 'रुजतंय' म्हणतो. आई त्याला 'गवत' म्हणते. बायको त्याला काहीच म्हणत नाही. ती फक्त स्कूटर कुठे लावायची ते विचारते.

अंगण हा शब्दसुद्धा मी जरा दबकतच वापरतो. बिल्डरच्या रंगीत पत्रकात त्याचं नाव 'प्रायव्हेट गार्डन' होतं आणि चित्रात त्या गार्डनमध्ये एक गोरी बाई मोठी टोपी घालून पुस्तक वाचत बसली होती. प्रत्यक्षात पुण्याच्या कडेला, लोकलमधल्या माणसांसारख्या एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या बारा रो-हाउसांपैकी एकीच्या पुढ्यातली ही अकरा फूट बाय चौदा फूट जागा. त्या बाईची खुर्ची इथे मावेल, पण टोपी काढून ठेवावी लागेल.

२००९ साली ताबा मिळाला तेव्हा इथे माती होती. हे मी शपथेवर सांगू शकतो, कारण ती घरभर आली होती. पहिल्याच पावसाळ्यात काळ्या मातीचा असा राडा झाला की माणूस घरात यायचा आणि चप्पल अंगणातच राहायची. दिवाळीपर्यंत रांगेतल्या अकराही घरांनी शहाबादी घातली, मग आम्हीही घातली. सोलापूरहून वाडीकडे जाताना शहाबाद नावाचं स्टेशन लागतं. अर्ध्या महाराष्ट्राच्या मोऱ्या, ओटे आणि अंगणं या एका गावाच्या नावावर आहेत, पण गाडी तिथे थांबली तर खाली उतरून कुणी नमस्कार करत नाही. गवंड्याने तीन दिवसांत काम उरकलं. वरची माती काढून एक ट्रॅक्टर भरला. ती न्यायचे वेगळे पैसे त्याने आमच्याकडूनच घेतले, आणि आम्ही 'बरं झालं, पीडा गेली' म्हणून दिले.

पुढची अकरा वर्षं अंगण स्वच्छ होतं. फरशी पुसता येत होती. सुख म्हणतात ते हेच असावं, पण ते तेव्हा कळलं नाही.

मग २०२० साल आलं. घराबाहेर पडायचं नाही, हात सतत धुवायचे आणि धुतलेल्या हातांनी करायचं काय हा प्रश्न. कुणी पाव भाजले, कुणी दाढी वाढवली. मी नर्सरीतून माती मागवली. टेम्पोतून सहा गोण्या उतरल्या. एक गोण दीडशे रुपये, फाटकापासून आत आणायचे दहा रुपये वेगळे. मी मुठीत घेऊन पाहिली. काळी, जड, ओळखीची वाटली.

"कुठली माती हो ही?"

"एक नंबर माती, साहेब. तुमच्याच भागातली. तिकडे मागे नवीन रो-हाउस होतायत ना, त्यांच्या अंगणातली."

आई पायरीवर बसून मटार सोलत होती. ती काही बोलली नाही. शेंग मात्र जरा जोरात मोडली.

आईची ओळख इथेच करून द्यायला हवी, कारण पुढे ती सारखी मध्ये येणार आहे. आई गुहागर तालुक्यातली. वय ८४. तिच्या माहेरी पुढे शेणाने सारवलेलं अंगण आणि मागे परस. त्या परसात काय होतं हे विचारू नये, त्यात दुपार जाते. तिच्या मते कुंडीतलं झाड म्हणजे हॉस्टेलवरचं पोर. जगतं, पण अंग धरत नाही. मी एकदा तिला शास्त्रार्थात गाठायचा प्रयत्न केला. म्हटलं, "आई, कुंडी कुंडी काय करतेस? तुळशीवृंदावन म्हणजे काय? दगडी अंगणाच्या मधोमध ठेवलेली कुंडीच ना? आपल्या पूर्वजांनी हेच केलं, मी फक्त आकडा वाढवला."

"तुळस देवाची आहे म्हणून जगते," आई म्हणाली. "तुझी मिरची कुणाची?"

यावर उत्तर नव्हतं. शिवाय तेव्हा मिरचीवर मावा पडलेला होता.

मातीपाठोपाठ कोकोपीट आलं. हे नारळाच्या काथ्याचं भुसकट. नुसती माती कुंडीत घट्ट बसते, पाणी मुरत नाही, म्हणून ते मिसळायचं. ते दाबून केलेल्या पाच किलोच्या विटेच्या रूपात मिळतं. विटेवर लिहिलेलं असतं की भिजवल्यावर हिचे सत्तर-पंचाहत्तर लिटर होतात. मी ते वाचलं, पण जाहिरातीचा एक भाग म्हणून सोडून दिलं, आणि वीट न्हाणीघरातल्या बादलीत ठेवून चहाला गेलो. परत आलो तेव्हा बादली दिसत नव्हती. ज्या घरात जन्मभर नारळ फोडले त्या घरात नारळाने असा सूड घेतलेला आईने प्रथमच पाहिला. "काथ्याचे आम्ही पूर्वी पैसे घ्यायचो," एवढंच ती म्हणाली.

माती झाली, कोकोपीट झालं, शेणखत आणि निंबोळी पेंड झाली. आता हे भरायचं कशात? नर्सरीतल्या कुंड्या विकत घेणं हा मार्ग सरळ होता, म्हणून तो पहिल्या महिन्यातच सुटला. हा छंद एकदा जडला की माणसाची नजर बदलते. जगात दोनच प्रकारच्या वस्तू उरतात: ज्यांत माती मावते त्या आणि ज्यांत मावत नाही त्या. वीस लिटरचा रंगाचा डबा, पंधरा किलोचा तेलाचा डबा, कान तुटलेली बादली, धुण्याच्या मशीनचा आतला ड्रम (याला भोकं आयती असतात, जाणकार लोक त्यासाठी भंगारवाल्याशी संधान बांधून असतात). माळ्यावर तांब्याचा बंब होता. पाणी तापवायचा, नळीचा, वडिलांच्या वेळचा. त्यात मी कढीलिंब लावला. आईला कळलं तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी बोलली, ते मात्र दोन दिवसांचं मिळून बोलली.

पण सगळ्यांत गाजलेली कुंडी म्हणजे कमोड. वरचं न्हाणीघर दुरुस्त केलं तेव्हा जुना कमोड अंगणात येऊन पडला होता. न्यायला कुणी येईना. मी पाहत होतो: चिनी मातीचा, पांढरा शुभ्र, उन्हात न तापणारा, खोलगट, आणि निचऱ्याची सोय कारखान्यातूनच केलेली. त्यात मोगरा लावला. असा मोगरा आमच्या अंगणात आधी कधी फुलला नव्हता, नंतरही नाही. संध्याकाळी रस्त्याने जाणारी माणसं वासाने थबकायची, आणि मग बघायची, आणि मग निघायची. आईने ती फुलं देवाला वाहायला साफ नकार दिला. मी म्हटलं, कमळ चिखलातच येतं ना? "कमळाला चिखल माहीत असतो," आई म्हणाली, "आणि मला हे माहीत आहे." शेवटी तडजोड झाली. ती फुलं फक्त पाहुण्यांना द्यायची आणि कुठल्या झाडाची ते सांगायचं नाही.

आता वजनाबद्दल. कुंडी रिकामी असताना आपण तिच्याशी ज्या मोकळेपणाने वागतो तो भरल्यावर अंगाशी येतो. बारा इंची कुंडीत साधारण पंधरा लिटर माती बसते आणि ती भिजली की वीस-पंचवीस किलो भरते. लिंबाचं कलम मी मोठ्या निळ्या पिंपात लावलं होतं. त्याचं वजन मला माहीत नाही, पण डॉक्टरांना माहीत आहे, कारण माझ्या पाठीच्या फोटोत त्यांना ते दिसलं. त्यांनी सांगितलं, उचलायचं नाही. म्हणून मी त्या पिंपाखाली चाकं बसवली.

इथे गवंडी पुन्हा गोष्टीत येतो. अंगणाला उतार ठेवावा लागतो, नाहीतर पाणी घरात शिरतं. आमच्या गवंड्याने दाराच्या पायरीपासून फाटकापाशी असलेल्या जाळीपर्यंत चौदा फुटांत तब्बल अडीच इंचांचा उतार ठेवला होता. अकरा वर्षं तो कुणाला दिसला नाही. अंगण सपाट आहे असं आम्ही समजून होतो, जसं पूर्वी लोक पृथ्वीबद्दल समजायचे. जूनच्या एका रात्री, दोनच्या सुमाराला, वळवाच्या पहिल्या सरीत शहाबादी ओली झाली आणि लिंबू निघालं.

आवाज आधी आईने ऐकला. तिच्या म्हणण्याप्रमाणे कुणीतरी अंगणातून पाटा ओढत नेत होतं. मी बॅटरी घेऊन बाहेर आलो तर लिंबू फाटकाला धडकून, बरोब्बर सांडपाण्याच्या जाळीवर बूड टेकून बसलं होतं. पाऊस जोरात होता. पाण्याला वाट नव्हती. पंधरा मिनिटांत अंगणात घोट्याएवढं पाणी साचलं आणि रंगाचे दोन रिकामे डबे तरंगायला लागले. एकट्याने लिंबू हलेना. मी, बायको आणि शेजारचे अण्णा अशा तिघांनी मिळून पावसात ते ढकललं. अण्णा बनियनवर होते आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले होते, त्यामुळे सूचना तेच देत होते. मी म्हटलं, "गवंड्याने अंगण वाकडं केलंय." पायरीवरून, कोरड्यात उभी असलेली आई म्हणाली, "हो रे. नाचता येत नाही त्याला ते तसंच दिसतं."

चाकं काढली. लिंबू तेव्हापासून चार विटांवर आहे.

अण्णांचं नाव निघालंच आहे तर पाण्याचंही सांगून टाकतो. कुंडीतल्या झाडाला जमिनीतल्या झाडासारखं खाली मुळं सोडून पाणी शोधता येत नाही; त्याच्या पायाखाली प्लास्टिक आणि प्लास्टिकखाली शहाबादी. एप्रिलात एक दिवस पाणी चुकलं तर ते मान टाकतं. म्हणजे ४७ कुंड्या असलेला माणूस कुठेही जाऊ शकत नाही. आम्ही एकदा दहा दिवस मुलीकडे बंगळुरूला गेलो. त्याआधी मी सगळे उपाय वाचले होते: पाण्याची बाटली उलटी खोचणे, बादलीतून कुंडीत सुती वाती सोडणे. शेवटी किल्ली अण्णांकडे दिली. ज्या माणसाने तीस वर्षं शेतकऱ्यांना पाणी नाही म्हणून सांगितलं, त्याच्या हातात मी नळ दिला. अण्णांनी सगळी भरपाई माझ्या अंगणात केली. रोज सकाळी आवर्तन, रोज संध्याकाळी आवर्तन. परत आलो तेव्हा कोरफड पाण्यात घातलेल्या पापडासारखी मऊ पडली होती आणि निवडुंग, ज्याला वाळवंटात काही होत नाही, तो अण्णांच्या मायेने सडला होता. एकच झाड टवटवीत होतं, तो पुदिना. पुदिन्याला कुणीच मारू शकत नाही. बाजारातल्या जुडीच्या काड्या खोचा, उलट्या खोचल्या तरी त्या सरळ उगवतात.

त्याच आठवड्यात आरोग्य खात्याच्या दोन ताई टॉर्च घेऊन आल्या. ही तपासणी पावसाळ्यात सगळीकडेच असते. त्यांनी कुंड्यांखालच्या बशा बघायला सुरुवात केली. नवव्या बशीत अळ्या सापडल्या, वळवळणाऱ्या. मी जरा दुखावून म्हटलं, "अहो, पण हे स्वच्छ पाणी आहे."

"डेंग्यूच्या डासाला स्वच्छच लागतं, काका. गटारातला डास वेगळा."

मग त्यांनी अंगणातच माझी शिकवणी घेतली. हा डास एडिस. बशीच्या कडेला अंडी चिकटवून ठेवतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. बशी नुसती ओतून टाकली तर अंडी कडेला तशीच राहतात, महिनोन् महिने कोरड्यात तग धरतात आणि पाणी मिळालं की जागी होतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस बशा ओतायच्या, घासायच्या आणि कोरड्या ठेवायच्या. मी कबूल केलं. त्या गेल्यावर आई म्हणाली, "म्हणजे झाडं मरतायत, पण काहीतरी जगतंय म्हणायचं अंगणात." मी सगळ्या बशांत वाळू भरली. मांजराला ती व्यवस्था पसंत पडली. पुढचं लिहीत नाही.

एवढं होऊनही मी छंद सोडला नाही, कारण माझ्याकडे पुस्तकं होती. महाराष्ट्रात या विषयात थोर माणसं होऊन गेलीत ही खरी अडचण आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर घ्या. गणिताचे प्राध्यापक, 'प्रयोग परिवार' त्यांचा, 'विपुलाच सृष्टी' हे पुस्तक त्यांचं. झाडाचं पान म्हणजे ऊन पकडायची जाळी, तेव्हा शेतीचा हिशेब मातीपेक्षा उन्हाच्या बाजूने मांडा, असं ते शिकवायचे. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी गच्चीवर पिशव्या आणि पिंपांत भाज्या काढून दाखवल्या; मातीचं वजन नको म्हणून त्यांनी उसाची चिपाडं वापरली. हे वाचून मी लगेच कोपऱ्यावरच्या रसवंतीतून दोन पोती चिपाड उचललं. फुकट! रसवंतीवाला इतका आनंदला की वर एक ग्लास रसही दिला, आलं-लिंबू घालून. दोशींची चिपाडं नीट कुजवलेली असणार, मी मात्र ताजीच ड्रममध्ये दडपली. दुपारपर्यंत आमच्या अंगणात जिल्ह्यातल्या सगळ्या मुंग्या आल्या. संध्याकाळी गांधीलमाश्या आल्या. दुसऱ्या दिवशी घराचा पुढचा दरवाजा उघडता येईना आणि दूधवाल्याने पिशवी फाटकावरून झेल घ्यायला लावून टाकली. थोरांचं अनुकरण करताना मधली एक पायरी नेहमी आपण खातो.

दाभोळकरांचा उन्हाचा हिशेब मात्र मी मनावर घेतला. वही केली. अंगणात ऊन कुठे, किती वाजता येतं ते वर्षभर लिहून काढलं. त्यातून जो शोध लागला तो लागला नसता तर बरं झालं असतं.

आमचं अंगण घराच्या उत्तरेला आहे. पुणे साडेअठरा अक्षांशावर. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला इतका कलतो की भर दुपारी आमच्या दोन मजली घराची सावली एकोणीस फूट लांब पडते, आणि अंगण चौदा फूट. म्हणजे थंडीत, जेव्हा बाकीच्या महाराष्ट्रात टोमॅटो, कोबी, गाजरं आणि शेवंत्या उधाणलेल्या असतात, तेव्हा आमच्या अंगणात ऊन शून्य. मार्चपासून ते जरा जरा पाऊल टाकतं. मेच्या मध्यावर सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, मग थेट जुलैअखेरपर्यंत तो भर दुपारीही उत्तरेकडे असतो, आमच्या अंगणाकडे तोंड करून. सूर्याने वर्षातून एकदाच आमच्याकडे बघायचं ठरवलं आहे आणि नेमके तेव्हाच ढग येतात.

उरतात एप्रिल आणि मे. त्या दोन महिन्यांत शहाबादीवर अनवाणी उभं राहता येत नाही. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला दुपारी हात लावला तर चटका बसतो. आत मुळांचं काय होत असेल ते भरलं वांगं करणाऱ्याला सांगायला नको. आमच्याकडे चिनी गुलाब आहे, ज्याला सगळे 'ऑफिस टाइम' म्हणतात, कारण तो ऊन वर आलं की दहाच्या सुमाराला उमलतो. आमचा ऑक्टोबरात रजेवर गेला, तो मार्चमध्ये हजर झाला. बायको म्हणाली, हे झाड आता पेन्शनलाही पात्र आहे.

आणि या मोजक्या उन्हावर दुसराही एक हक्कदार होता. एप्रिल म्हणजे कुरडया. आईने तीन दिवस गहू भिजवले, चीक काढला, पहाटे चारला उठून शिजवला आणि सोऱ्या घेऊन बाहेर आली तर अंगणात तसूभर जागा नाही. जिथे ऊन तिथे कुंडी. मी वहीतला तक्ता काढून तिला समजावलं की वांग्याला सहा तास ऊन लागतं.

"कुरडईला आठ," आई म्हणाली. "आणि कुरडई तळता येते."

तिने माझी वांगी भिंतीकडे सरकवायला लावली नाहीत. ती अधिक व्यवहारी आहे. तिने चार रंगाचे डबे हेरले, त्यांवर जुनी खाट आडवी ठेवायला लावली, खाटेवर धुतलेलं धोतर अंथरलं आणि त्यावर कुरडया घातल्या. खाली टोमॅटोची रोपं होती. "सावली झाली तर जगतील," ती म्हणाली, "नाहीतर उन्हाने मरतच होती." तो आठवडाभर कावळे राखायला मी खाटेशेजारी काठी घेऊन बसलो होतो. आणि सांगायला लाज वाटते, पण त्या उन्हाळ्यात जे तीन टोमॅटो आले ते त्या खाटेखालचेच.

तीन. मागच्या वर्षीचं माझं एकूण उत्पन्न सांगून टाकतो, म्हणजे कुणाची फसगत व्हायला नको: टोमॅटो तीन, वांगी पाच, मिरच्या पुष्कळ, लिंबू एक (ते खाली पडलं, आम्ही तोडलं नाही), मायाळूची भजी दोनदा, आणि पुदिना इतका की शेजारीपाजारी आम्हाला बघून दार लावून घेतात. मिरची तिखट नव्हती. हा अपमान मी गिळला असता, पण आईने ती ठेच्यात घातली आणि गोड लागली म्हणून वर शेंगदाणे कमी टाकले.

घरातल्या टाकाऊ गोष्टींवरही झाडांचा हक्क बसला होता. तांदळाचं धुवण, केळीच्या सालींचं पाणी, अंड्याची टरफलं, चहाचा चोथा. मोबाईलवरचा एक तरुण मुलगा रोज नवं काहीतरी कुंडीत घालायला सांगतो. बायको एकदा म्हणाली, "या घरात माणसांना चहा दोनदा आणि झाडांना तीनदा." कंपोस्टच्या डब्याची हकिगत तर मी इथे सांगणारच नाही. एवढंच की त्यातून खत यायच्या आधी आंब्याच्या कोया उगवल्या, आणि एकदा बटाटा.

मागच्या वर्षी मेमध्ये आईने प्रस्ताव मांडला. अंगणाच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात एक नळ आहे. तिथे भांडी विसळतात, पाय धुतात, माझ्या झाऱ्या भरताना निम्मं पाणी तिथेच सांडतं. ते सगळं फरशीवरून उताराने जाळीत जातं. "आमच्याकडे," आई म्हणाली, "झाडाला पाणी घालत नसत. पाणी जाईल तिथे झाड घालत. न्हाणीच्या मागे अळू, मोरीच्या तोंडाशी केळ. ती फरशी एक काढ."

"फुटेल."

"फुटू दे. तुझ्या पाठीपेक्षा स्वस्त आहे."

मिस्त्रीला बोलावलं. दोन फूट बाय दोन फुटांची एक फरशी. ती फुटलीच. खाली चार इंच सिमेंट-वाळूचा थर. तो पहारीने उकरला. मी खाली वाकून बघत होतो. इतक्या वर्षांनी आपल्या अंगणातली माती दिसणार म्हणून, सांगतो, मला जरा भरूनच आलं होतं. खाली अर्ध्या विटा होत्या. त्याखाली फुटक्या टाइल, सिमेंटची रिकामी गोण, गुटख्याच्या पुड्या, प्लास्टिकच्या खुर्चीचा एक पाय, आणि चहाचा एक अख्खा कप, कानासकट. दोन फूट खणलं तरी माती लागली नाही. ती २००९ साली ट्रॅक्टरमधून गेली होती, आमच्याच खर्चाने. कप आईने घासून कपाटात ठेवला.

मग त्या खड्ड्यात काय घालायचं? अर्थात पाच गोण्या माती. विकतची. मी टेम्पोवाल्याला ती कुठली आहे हे यंदा विचारलं नाही. म्हणजे हिशेबाने ती अठ्ठेचाळिसावी कुंडी झाली, फक्त तिला बूड नाही, ती हलवता येत नाही आणि म्हणून रात्री दोन वाजता निघत नाही. आईच्या भाच्याने एस.टी.तून अळूचे गड्डे पाठवले, काळ्या देठाचे, वडीचे. आईने ते स्वतः लावले, खाली बसून, मला हात न लावू देता. पहिली पानं घशाला खाजरी लागली. तिने दुसऱ्यांदा चिंच जास्त घातली. श्रावणात वड्या झाल्या. अळूला ऊन कमी चालतं, पाणी मुबलक लागतं, आणि त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही तर ते मनाला लावून घेत नाही. मी त्याला आजवर एक तांब्याही पाणी घातलेलं नाही. अण्णा मधूनमधून येऊन नळ सोडून जातात, ते त्याला मानवतं.

यंदा शेजारची फरशी काढायची असं ठरतंय. आईला तिथे केळ हवी आहे. त्यासाठी जागा करायची तर कुंड्या कमी करायला हव्यात. तेव्हा कुणाला हव्या असतील तर खुशाल घेऊन जा, कमोडसकट ४७ आहेत. पुदिना न्यावाच लागेल, तो बरोबर येतो. बशीतली वाळू मांजराने वापरलेली आहे, ती इथेच टाका. गाडी मात्र फाटकाच्या आत आणू नका, आणलीच तर चाकाला दगड लावा. अंगण खरोखरच वाकडं आहे.